मात्रा आणि ताट : स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरची वर्षे



शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर जेवणाच्या ताटाचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. ज्या दालनात कादंबरी, संतवाङ्मय आणि समीक्षा यांची चर्चा व्हायची, तेथे भाकरी किती आणि भात किती हा हिशेब कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथालयाचा सभासद हा केवळ वाचक नसतो. तो देहधारीही असतो आणि त्याच्या देहाचे वय ग्रंथालयाच्या वयाबरोबरच वाढत असते. स्थूलतेवर शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे आता नात्यागोत्यांत आणि शेजारीपाजारी आढळू लागली आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षाचे कौतुक सर्वत्र होते. सैल झालेले कपडे, बंद झालेल्या मधुमेहाच्या गोळ्या, जिना चढताना न लागणारी धाप, सारे कौतुकाचेच असते. पुढे पाचव्या, आठव्या किंवा दहाव्या वर्षी वजनाचा काटा हळूहळू पुन्हा वर सरकू लागतो, तेव्हा मात्र त्या माणसाशी बोलायला कोणी उरत नाही. जे बोलतात ते टोमणे मारतात. आजचे विवेचन त्या एकाकी वर्षांविषयी आहे.

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द मोठा बहुगुणी आहे. देवनागरी अक्षराच्या डोक्यावर ती बसते. छंदःशास्त्रात ती उच्चाराचा काळ मोजते. वैद्याच्या सहाणेवर उगाळली की ती औषध होते आणि ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे म्हणताना तीच सामर्थ्य होते. या अर्थांच्या मुळाशी मोजमापाचीच कल्पना आहे. ओळीत एक मात्रा अधिक झाली तर लय बिघडते. औषधाची मात्रा चुकली तर रोगी बिघडतो. अन्नाच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानातील आठव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. जठराचे चार भाग कल्पावेत, दोन भाग घन अन्नाने आणि एक द्रवाने भरावा व चौथा भाग वायूसाठी मोकळा ठेवावा, असे त्याने सांगितले आहे.

चरकाचे म्हणणे याहूनही मार्मिक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार एकत्र केलेला असून, दोहोंत स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. त्याचे कारण देताना चरक स्थूल माणसाच्या हावरेपणाला दोष देत नाही. मेदामुळे वायूचे मार्ग अडतात, कोठ्यातील अग्नी प्रदीप्त होतो आणि म्हणून त्याला वारंवार भूक लागते, अशी त्याची मांडणी आहे. आजच्या शरीरशास्त्राची भाषा निराळी आहे आणि त्याने शोधलेली कारणेही निराळी आहेत. तरीही भूक हा शरीराचा व्यापार आहे, तो चारित्र्याचा दोष नव्हे, ही दृष्टी त्या जुन्या ग्रंथात आहे. ती ध्यानात ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे.

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा इतिहास सत्तर वर्षांच्या आसपासचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याचे पहिले प्रयोग झाले. पण त्यांचे दुष्परिणाम फार होते. जठरव्रणासाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते आणि ते पुन्हा सहसा वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले आणि १९६० च्या दशकात त्यांनी ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया पुढे आणली. आज प्रचलित असलेल्या तिच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची एक लहानशी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दुसरी शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या नावाने ओळखली जाते. तीत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. भारतात या शस्त्रक्रियांचा प्रसार मुख्यतः एकविसाव्या शतकात झाला. २०११ साली, भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि वृत्तपत्रांतून तिची पुष्कळ चर्चा झाली. खाण्याचे रसिक म्हणून ख्याती असलेल्या या नागपूरकर नेत्याने पुढील काळात आपल्या वजनाविषयी जाहीरपणे बोलताना नियमित व्यायाम आणि प्राणायाम यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. शस्त्रक्रियेनंतरही नेम लागतो, हे त्यातून मराठी घरांपर्यंत पोहोचले.

शस्त्रक्रिया नेमके काय करते, हे नीट समजून घेतले पाहिजे. जठर लहान होते हा तिचा एक परिणाम. पण तो एकच नव्हे. भूक जागवणारे ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत तो भागच निघून जातो. आतड्यातून निघणारे तृप्तीचे संदेशही बदलतात. म्हणून पहिल्या वर्षी रुग्णाला चार घासांत पोट भरल्यासारखे वाटते आणि आपण जिंकलो असा त्याचा समज होतो. वस्तुतः ती विजयाची नव्हे, सवलतीची मुदत असते. त्या मुदतीत नव्या सवयी अंगवळणी पाडायच्या असतात.

मुदत संपल्यावर काय होते, याचा मोठा पुरावा स्वीडनमधून मिळाला आहे. तेथे १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनी हा उतार २५ टक्क्यांवर स्थिरावला. जुन्या पद्धतीच्या इतर शस्त्रक्रियांमध्ये तो याहून कमी होता. या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत. काही वजन परत येणे हा बहुतेकांचा अनुभव आहे, तो अपवाद नव्हे, हा पहिला अर्थ. परत येऊनही मोठा लाभ शिल्लक राहतो, हा दुसरा. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. तेव्हा दहाव्या वर्षी पाच-सात किलो वाढलेल्या माणसाने ‘सारे वाया गेले’ असे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

वजन परत येण्याची कारणे अनेक आहेत. उरलेले जठर काळाच्या ओघात थोडे सैलावते. भुकेचे संदेश पुन्हा जागे होतात. वजन उतरलेल्या शरीराला चालण्या-बोलण्यासाठी पूर्वीपेक्षा कमी उष्मांक लागतात. त्यामुळे शेजारच्या माणसाला जे जेवण बेताचे, ते याला अधिक होऊ शकते. शिवाय या काळात स्नायू झडलेले असतील तर ही गरज आणखी घटते.

येथे वजन आणि मेद यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा भेद जगासमोर फार सोप्या रीतीने मांडला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. काटा दोघांना सारखाच म्हणत होता. शरीरे मात्र भिन्न होती. भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगी मेद अधिक व स्नायू कमी असू शकतात, हा त्या छायाचित्राचा बोध. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत ध्येय मेद घटविण्याचे असावे, कसेही करून वजन घटविण्याचे नव्हे. उपाशी राहून चार किलो उतरवले आणि त्यांतले दोन किलो स्नायू असले, तर तो लाभ नव्हे, हानीच. काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. आशियाई पुरुषांत तो ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा, असा संकेत आहे.

स्नायू राखायचे तर प्रथिने हवीत आणि प्रथिनांचा विषय निघाला की हैदराबादकराला दूर जावे लागत नाही. तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था उभी आहे. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एका खोलीत जे काम आरंभले, त्याचेच हे पुढचे रूप. डॉ. वि. ना. पटवर्धन संचालक असताना, १९५८ साली, ही संस्था हैदराबादेत आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी तिची कोष्टके देशभर प्रमाण मानली जातात. २०१७ च्या आवृत्तीत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. २०२४ साली या संस्थेने भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रे नव्याने प्रसिद्ध केली. एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यांतून येऊ नयेत, असे ती सांगतात. प्रत्यक्षात भारतीय ताटात हा वाटा ५० ते ७० टक्क्यांपर्यंत असतो. भात, पोळी, पोहे, उपमा, पुन्हा भात, असा आपला दिवस जातो आणि डाळ केवळ भात ओला करण्यापुरती येते.

सर्वसामान्य निरोगी माणसाला ही चूक बरीच वर्षे खपते. लहान जठराच्या माणसाला ती खपत नाही, कारण त्याच्या ताटात जागाच थोडी असते. शस्त्रक्रिया झालेल्यांनी दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असा वैद्यकीय संकेत आहे. हा आकडा मराठी शाकाहारी स्वयंपाकात कसा बसवायचा, ते पाहू. तूर किंवा मुगाची डाळ कच्ची ४० ग्रॅम घेतली तर सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच मटकीच्या उसळीतून ९. ३०० मिलिलिटर दुधातून ९ ते १०. लहान वाटीभर दह्यातून ४ ते ५. ६० ग्रॅम पनीरमधून ११. आणि दिवसभरात ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी खाल्ली तर त्यातून ७. ही बेरीज पन्नासच्या आसपास येते. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांनी आणि चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांनी उरलेली तूट भरते. यातून एक गोष्ट उघड होते. पातळ वरणाच्या भरवशावर हा हिशेब कधीच पुरा होणार नाही. वरण घट्ट हवे, उसळ रोज हवी आणि पिठले, मुगाचे धिरडे, तेलुगू शेजाऱ्यांचा पेसरट्टू यांना पाहुण्यांसारखे नव्हे, तर घरच्यासारखे स्थान हवे.

शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे लोटल्यावर बहुतेकांना एका जेवणात साधारण दीड वाटी, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर ऐवज पुरेसा होतो. नेमके प्रमाण ज्याचे त्याने आपल्या आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. त्या दीड वाटीतला अर्धा भाग प्रथिनांचा, पाव भाग भाजी-कोशिंबिरीचा आणि उरलेला पाव धान्याचा असावा. खाण्याचा क्रमही तोच ठेवावा : आधी उसळ, पनीर, अंडे किंवा मासे, मग भाजी, शेवटी भाकरी किंवा भात. आपल्या रूढ पानात नेमके उलटे घडते. पान मांडले की प्रथम भाताची मूद पडते, तिच्यावर वरण आणि तूप येते आणि उसळीपर्यंत पोहोचेपर्यंत लहान जठर भरून गेलेले असते. तरीही मूद ही कल्पनाच मुळी मात्रेची आहे. भात उलथण्याने ढीग करून न वाढता लहान वाटीत दाबून तेवढाच पानावर उतरवायचा, हे आपल्या पूर्वजांचे माप होते. ती वाटी पुन्हा फडताळातून काढावी, फक्त तिचा क्रमांक शेवटचा ठेवावा.

घास लहान असावा, सावकाश चावावा आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये, नंतरही अर्धा तास थांबावे, असे बहुतेक आहारतज्ज्ञ सुचवितात. द्रवाबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि तृप्ती टिकत नाही, असा त्यामागचा विचार आहे. येथेच या रुग्णांचा एक मोठा सापळा लपलेला आहे. सुकी भाकरी आणि चिवट मांस लहान जठरात अडते. पण बिस्किटे, शेव, आइस्क्रीम, गोड चहा आणि सरबते अडत नाहीत. ती बिनबोभाट खाली उतरतात. जे खायला कष्ट पडतात ते माणूस टाळू लागतो आणि जे सुखाने उतरते त्याकडे वळतो. अशा रीतीने पोट लहान राहूनही उष्मांक वाढत जातात.

उदाहरणादाखल काचीगुड्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आठ वर्षांपूर्वी स्लीव्ह शस्त्रक्रिया झालेले निवृत्त गृहस्थ आहेत. ११८ किलोंवरून ते ८२ वर आले होते. आता ९५ आहेत. सूनबाई काकुळतीला येऊन म्हणतात, “बाबा दोन्ही वेळा एवढंसं जेवतात, तरी वजन कसं वाढतं कळत नाही.” त्या खोटे बोलत नाहीत आणि बाबाही चोरून खात नाहीत. उत्तर दोन जेवणांच्या मधल्या वेळात आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार वेळा चहा होतो. दर वेळी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. वर्तमानपत्र वाचता वाचता मूठभर, ३० ग्रॅम, शेंगदाणे गेले तर आणखी १७०. अशक्तपणा येऊ नये म्हणून घरच्यांनी मायेने वाढलेले दोन चमचे तूप ९० चे. ही बेरीज ४२० होते आणि तीत चहातले दूध आणि इराणी हॉटेलातली उस्मानिया बिस्किटे अजून धरलेलीच नाहीत. यांतला एकही पदार्थ पाप नाही; शेंगदाणे तर पौष्टिकच आहेत. परंतु जे ताटात वाढले जात नाही ते मोजलेही जात नाही. दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकण्याची ही सवय वजन परत येण्याशी निगडित असल्याचे वैद्यकाने पुनःपुन्हा नोंदवले आहे. उपाय साधा आहे. खाण्याच्या वेळा ठरवाव्यात, तीन जेवणे आणि फार तर दोन लहान न्याहाऱ्या. आणि जे खायचे ते बशीत घेऊन, बसून खावे. पंधरा दिवस एका वहीत सारे लिहून काढले तर सूनबाईंचे कोडे सुटते.

हैदराबादेत राहून बिर्याणी व हलीम वर्ज्य करा, असे सांगणे अव्यवहार्य तर आहेच, पण अनावश्यकही आहे. रमजानच्या दिवसांत मिळणारे येथील हलीम गहू, डाळ आणि मांस यांचे असते. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यात प्रथिने आहेत, तसेच तूपही सढळ आहे. तेव्हा वाडगा चौघांत वाटून घ्यावा. बिर्याणीत आधी मांसाचे तुकडे आणि कांद्याची कोशिंबीर, नंतर चार-पाच चमचे भात. खुबानी का मीठा किंवा डबल का मीठा मात्र जपून घ्यावा. विशेषतः बायपास झालेल्यांना अधिक साखरेने थोड्याच वेळात धडधड, घाम, चक्कर आणि पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम खाली जाते. हाच नियम पुरणपोळीला लागू आहे. उपवासाचे दिवस आणखी फसवे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण पूर्वजांनी काही उगीच केलेली नाही. उपवास करायचाच तर दूध, दही, ताक आणि थोडे पनीर यांवर करावा. मद्य शस्त्रक्रियेनंतर फार लवकर चढते आणि त्याचे व्यसन जडण्याचा धोकाही वाढतो. ते दूर ठेवणेच बरे.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीकडे वळू. ती पोटात नसून पंगतीत आहे. मराठी आतिथ्याचा प्राण म्हणजे आग्रह. “अहो काका, एवढंसं काय घेतलंत? स्वयंपाक आवडला नाही वाटतं?” या प्रश्नाला लहान जठराच्या माणसापाशी उत्तर नसते. घेतले तर ओकारी, न घेतले तर अपमान. दुसरीकडे ‘पानात टाकू नये’ हा संस्कार असतो. मराठवाड्यातून हैदराबादेत आलेल्या अनेक कुटुंबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे. ज्यांनी अन्नान्नदशा सोसली त्यांनी घालून दिलेला हा नियम हिणवण्याजोगा नाही. परंतु तो पाळायचा क्षण जेवणाच्या शेवटी येत नाही. तो वाढून घेण्याच्या वेळी येतो. कमी वाढून घेणाऱ्यावर टाकण्याची पाळीच येत नाही. यजमानांनीही समजून घ्यावे की दुसऱ्यांदा न विचारणे हाही पाहुणचारच आहे. ज्या घरात एकाची शस्त्रक्रिया झाली आहे, तेथे सर्वांचीच ताटे थोडी लहान झाली तर त्या एकाला वेगळे पाडल्यासारखे वाटणार नाही. इतरांचेही त्यात नुकसान नाही. भारतातील प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसून आले आहे.

आग्रहाइतकीच घातक दुसरी गोष्ट म्हणजे लाज. वजन परत वाढू लागले की माणूस दवाखान्यात जाणे टाळतो. डॉक्टर काय म्हणतील, एवढे पैसे खर्च करून हे काय केले, या विचाराने तो वार्षिक तपासणीही चुकवतो. त्याची किंमत वजनापेक्षा मोठी असते. या शस्त्रक्रियांनंतर बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची भर आयुष्यभर घालावी लागते आणि दरवर्षी रक्त तपासावे लागते. बी-१२ कमी पडले तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. अनेकदा तो वयाचा परिणाम मानून सोडून दिला जातो. सतत उलट्या होत राहिल्या तर थायमिन हे जीवनसत्त्व थोड्याच आठवड्यांत संपुष्टात येऊन बेरीबेरी होऊ शकतो. शंभर वर्षांपूर्वी सडीचा तांदूळ खाणाऱ्या गरिबांच्या ज्या रोगासाठी कुन्नूरला चौकशी सुरू झाली, तोच रोग आज सुस्थितीतल्या माणसाला, अन्नाने भरलेल्या घरात, गाठू शकतो. त्याला रोखण्यास वेळेवर घेतलेली गोळी किंवा इंजेक्शन पुरते; पण त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागते.

म्हणून वजन सलग वाढू लागले की प्रथम शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडे परत जावे. थायरॉइड, झोप, नैराश्य, स्टिरॉइडसारखी वजन वाढविणारी औषधे, जठराच्या रचनेत झालेला बदल, या साऱ्यांची पाहणी तेथे होते. आहारतज्ज्ञ वही पाहून मात्रा पुन्हा बसवून देतात. काहींना औषधांची जोड लागते. टिरझेपाटाइड आणि वजनासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइड ही साप्ताहिक इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. फारच थोड्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडते. यांतले काहीही घेतले तरी तो पराभव नव्हे. चष्म्याचा नंबर बदलावा तशी ती गोष्ट आहे. पाच दिवस नुसत्या पेयांवर राहून जठर ‘पुन्हा लहान’ करण्याचे जे उपाय कानावर येतात, त्यांच्या नादी मात्र लागू नये. त्यांनी जठर लहान होत नाही. स्नायू तेवढे झडतात. त्याउलट इंदिरा पार्कात किंवा विद्यापीठाच्या रस्त्यांवर रोज अर्धा तास झपझप चालावे आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा, खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. साठीनंतरही स्नायू वाढतात.

शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद एका सकाळी जठर लहान करतो. मात्रा मात्र तो देऊ शकत नाही. ती रोज दोन वेळा, लहान वाटीने, घरच्यांच्या सहकार्याने आणि चुकल्यास पुन्हा आरंभ करण्याच्या तयारीने कमवावी लागते. ज्याची ओळ एकदा चुकली त्याने काव्यच सोडून द्यावे, असे कोणी म्हणत नाही. मात्रा मोजून तो ती ओळ पुन्हा लिहितो. ज्यांचे वजन परत आले आहे अशा आप्तांना, शेजाऱ्यांना आणि सभासदांना एवढाच धीर द्यावा. त्यांच्या पानात दुसऱ्यांदा काही न वाढता त्यांच्या शेजारी बसून जेवावे. शंभर वर्षे वाचकांना सावकाश आणि नेमाने वाचायला लावणाऱ्या या ग्रंथालयाला नेमाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याच्या सभासदांना दीर्घ आणि निरामय आयुष्य लाभो आणि त्यांच्या हातून या संस्थेचे दुसरे शतकही समृद्ध होवो.